लेकुरवाळीचं उष्टं

सोलापूर,
४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय जोतीकाका,

सलाम. जीपवाले सोहेबभाई हे पत्र आणि पहिलं खोकं तुमच्या हातात देतील. फोन करणार होते. पण तुमच्या घरात फोन एकच, तोही सुनेकडे, आणि घशाच्या ऑपरेशनपासून तुम्हाला बोलता येत नाही. अब्बा म्हणाले, "जोतीला कागद पाठव. जनावरांच्या दवाखान्यात आमचा ड्रेसर होता, पण रजिस्टर आम्हा सगळ्यांपेक्षा तोच नीट लिहायचा." तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून मी गाईगुरांची इंजेक्शनं बघायला यायचे, ते आठवलं. प्राण्यांची डॉक्टर झाले त्यात तुमचाही हात आहे.

आता कामाचं. खोक्यात आठवडाभराचे लाडू आहेत. शेंगदाणे, गूळ आणि आत औषध. बायका पाळणा लांबवायला गोळ्या घेतात, त्यातलंच हे औषध, माकडिणीच्या वजनाच्या बेतानं घातलेलं. रोज सकाळी मारुतीच्या पारावर लाडू ठेवायचे. माकडिणींनी ते रोज खाल्ले तर पिल्लं होणार नाहीत आणि दोनतीन वर्षांत टोळी आपोआप कमी होईल. कुणाला पकडायचं नाही, मारायचं नाही. गेल्या वर्षी तुमच्या वाडीत विष घालून मारलेल्या नऊ माकडांचे फोटो मी बघितले होते. हा प्रकल्प तुमच्याकडेच करायचा, हे तेव्हाच ठरवलं.

एक अट आहे. औषध कसलं आहे ते ग्रामसभेत सगळ्यांना सांगायला हवं. चुकूनसुद्धा माणसाच्या पोटात जाता कामा नये. मी येते, बोलते आणि पारावर फलक लावून जाते.

तुमची,
झीनत

*

वाडी, पोस्ट केम,
८ नोव्हेंबर

चि. डॉक्टरीणबाई झीनत हिस अनेक आशीर्वाद.

लाडू पोचले. वास असा सुटलाय की पहिला मीच खाणार होतो. पण या वयात पाळणा लांबवून मला काय करायचंय, म्हणून सोडून दिला.

ग्रामसभेचं तेवढं डोक्यातून काढून टाक. तू फोटो बघितलेस, पुढचं तुला ठाऊक नाही. त्या नऊ माकडांचा आम्ही दहावा घातला. दोघांनी डोकी भादरली, गावजेवण झालं. ज्यानं विष घातलं तोही पंगतीला होता आणि त्यानं दोनदा भात मागून घेतला. अशी ही माणसं. कणसं ओरबाडली, केळीचे घड पाडले की माकडांना शिव्या घालतात आणि शनिवारी त्यांनाच हात जोडतात. मारुतीची माकडं वांझ करायला निघालात म्हटल्यावर तुझी जीप परत जायची नाही. आम्ही कुत्र्यांची ऑपरेशनं करायला गावोगाव जायचो तेव्हा खरजेचं इंजेक्शन म्हणून सांगायचो. तुझ्या अब्बाला विचार. अडाण्याला अर्धं सांगावं, काम पुरं होतं.

तर मी सांगून टाकलंय. जंताचं औषध आहे, माकडं निरोगी राहतील. पाटीवर लिहिलं, सुनेनं चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. झाली ग्रामसभा.

सुनेचं नाव अंकिता. बारावी झालेली आहे. माझी पाटी वाचणारं घरात ते एकच माणूस. माझ्या सोजरला अक्षर येत नाही. मी लिहायचं, अंकितानं वाचायचं, मग सोजरनं भांडायचं. म्हातारा-म्हातारीचं भांडण सुनेच्या तोंडून चालतं, आणि ती बिचारी त्यातले माझे वाईट शब्द गाळून वाचते. मुलगा बिरुदेव श्रीपूरला कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर आहे, आठ-पंधरा दिवसांनी एखादी रात्र येतो. अंकिता केमला कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायला जाते. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. बार्शीला दाखवलं, अकलूजला दाखवलं. दोघांतही दोष नाही म्हणतात. पण माझी बहीण अंबुबाई दिवाळीला आली आणि पोरीच्या देखत म्हणाली, यंदा वाट बघू, नाहीतर बिरुदेवाला दुसरी मुलगी बघून ठेवलीय. मी पाटी शोधेपर्यंत ती पुढच्या विषयावर गेली होती. आवाज नसला की माणूस घरात असून नसल्यासारखा होतो.

असो. तुझे लाडू मी रोज ठेवीन, काळजी करू नको.

तुझा,
जोतीकाका

*

सोलापूर,
२५ नोव्हेंबर

आदरणीय काका,

जंताच्या औषधाचं मला पटलेलं नाही. तुमचं पत्र घेऊन वरिष्ठांकडे गेले तर ते म्हणाले, गाव शांत आहे ना, मग कशाला उकरता, माकडांचा विणीचा हंगाम निघून जाईल. फॉर्मवर एक ओळ असते, "ग्रामस्थांना पूर्ण माहिती दिली आहे." तिच्यापुढे मी "होय" लिहून सही केली. अब्बांना हे सांगितलेलं नाही. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवताना कुत्र्यांचा भाग वाचला, ते खूप हसले. बाकीचं गाळलं. तुमच्या सुनेसारखंच.

पारावर लावलेल्या कॅमेऱ्यात दिसलं की माकडं अर्धा लाडू खातात आणि अर्धा टाकतात. त्यामुळे या आठवड्यापासून लाडवातलं औषध दुप्पट केलंय. खाली पडलेले तुकडे रोज गोळा करा, मोजून तक्त्यातल्या रकान्यात लिहा आणि खड्ड्यात पुरा. हे विसरू नका.

कॅमेरा मात्र परवा एका माकडानं उपटून नेला. दुसरा मिळेपर्यंत तुमचे डोळे हाच आमचा कॅमेरा.

झीनत

*

वाडी,
२० डिसेंबर

चि. झीनत,

तुकड्यांचा रकाना कोरा बघून मी आळस केला असं समजू नको. तुकडे पडतच नाहीत. मी लाडू ठेवतो आणि विहिरीपर्यंत जाऊन येतो, कारण मी उभा राहिलो की लेकुरवाळ्या माकडिणी खाली उतरत नाहीत. परत येतो तेव्हा पार झाडून काढल्यासारखा असतो. चव लागली म्हणायची त्यांना. एक कान फाटलेली माकडीण आहे, पोटाशी पिल्लू, ती तर माझ्या पिशवीची वाट बघत पायरीवर बसलेली असते.

आणखी एक गंमत. आमची सोजर हल्ली रोज पहाटे उठून मारुतीला येते. चाळीस वर्षांत मी कधी तिला देवळाची पायरी चढताना बघितलं नाही, दुखऱ्या गुडघ्यांनी आता चढते. विचारलं तर तिनं अंकिताच्या तोंडून उत्तर पाठवलं, "मामा, आत्याबाई म्हणतात, तुमी तुमचं बघा." म्हातारपणी देव आठवतो, माझ्यावर मात्र अजून तशी पाळी आलेली नाही.

तुझा,
काका

*

वाडी,
२४ जानेवारी २०२५

चि. झीनत,

आज कामाचं काही लिहीत नाही, ते सगळं तक्त्यात आहे. आनंदाची बातमी आहे आणि ती सांगायला माझ्याजवळ तू सोडून कुणी नाही. अंकिताला दिवस गेलेत.

सोजरनं कानात सांगितलं. डिसेंबरात पाळी चुकली, या महिन्यातही आली नाही. सकाळी मळमळतं, अंग जड झालंय. काडीवर तपासून बघ म्हटलं तर अंकिता तयार नाही. सहा वर्षांत तिनं इतक्या काड्या बघितल्या आणि प्रत्येकीवर एकच रेघ, की आता म्हणते, तिसरा महिना सरेपर्यंत बघायचीच नाही, बघितली की जातं. आशाताईलाही कळवू दिलेलं नाही. मीही म्हटलं, राहू दे. अंबुबाई परवा स्वतः येऊन लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवून गेली, आणि दुसऱ्या मुलीचं नाव तिच्या तोंडातून निघालं नाही. बिरुदेव आला तो ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवत. पोरगी घरात चालते ती पाय जपून, आणि मी बघतोय असं दिसलं की हसते. सहा वर्षांत ती अशी हसलेली मी बघितली नव्हती.

झीनत, मला रडू आलं. आवाज नसलेल्या माणसाच्या रडण्याचा एक फायदा असतो, कुणाला कळत नाही.

तुझा,
काका

*

सोलापूर,
२७ जानेवारी

प्रिय काका,

मुबारक, मुबारक. हे पत्र मात्र मी अब्बांना एक अक्षर न गाळता वाचून दाखवलं. ते म्हणाले, नात होऊ दे, माझ्या झीनतसारखी डॉक्टर करू. सोहेबभाईंजवळ खारका आणि थोडा मेवा पाठवते. अंकिताला म्हणावं, मोठ्या दवाखान्यात नाव नोंदव, भिऊ नको.

आणि तुमचे तक्ते आमच्या बैठकीत सगळ्यांना दाखवले. इतकं चांगलं खाणं दुसऱ्या कुठल्याच गावात झालेलं नाही.

झीनत

*

वाडी,
३१ जानेवारी

झीनत,

सोहेबला जीपपाशी थांबवून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

तिसरा महिना लागला म्हणून आज सोजर मला पारावर घेऊन गेली. एक हिरवं खणाचं कापड आणलं होतं, कान फाटलेल्या माकडिणीपुढं ठेवलं आणि मला म्हणाली, "आता सांगाय हरकत न्हाय. पुरुषाच्या कानावर जाऊ द्यायचं नसतंय, म्हनून गप हुते. लेकुरवाळीचं उष्टं हाय ह्ये. तिनं खाऊन टाकल्यालं सुनंनं खायचं, सकाळी, काय न बोलता. माझ्या आज्जीनं केलं, माझ्या आयनं केलं. म्या रोज येचून न्यायची अन् दुदातनं द्यायची. तुमच्याच लाडवानं दिलं बगा."

नोव्हेंबरापासून रोज. तुकडे पडत नव्हते ते यामुळं. पार ती झाडून नेत होती, चार-पाच माकडांचं उष्टं, सगळंच्या सगळं.

मी तिथंच पायरीवर बसलो. सोजरला वाटलं, आनंदानं बसलो.

तू डॉक्टर आहेस. मला एवढंच सांग, की मला वाटतंय ते खोटं आहे. दवाखान्यात काढलेली वीस वर्षं एवढं सांगतात की ते औषध रोज पोटात गेलं तर पाळी थांबते, मळमळतं, अंग जड होतं. पण मी ड्रेसर होतो, डॉक्टर नाही. तू नाही म्हण.

जोती

*

सोलापूर,
१ फेब्रुवारी

काका,

नाही म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंय तसंच असण्याची शक्यता फार आहे. लाडवात औषध दुप्पट होतं आणि ती चार-पाच लाडवांचं उरलेलं रोज खात होती. तिला कदाचित दिवस गेलेलेच नाहीत. पण खरंच गेले असतील, तर हे औषध पोटात जाणं अजूनच वाईट. दोन्ही बाजूंनी एकच उपाय. लाडू आजपासून बंद करा. उद्याच काडीवर तपासा आणि डॉक्टरकडे न्या. औषध बंद झालं की काही महिन्यांत अंग पूर्ववत होतं, तिचं कायमचं नुकसान झालेलं नसावं. माकडाच्या उष्ट्यातून दुसरे आजारही होतात, तेही तपासायला हवेत.

आणि तिला सांगा. बंद केल्यावर आठ-पंधरा दिवसांत रक्तस्राव सुरू होईल. तेव्हा तिला कारण माहीत नसेल तर तिला काय वाटेल याचा विचार करा. त्याआधी सांगा, काका.

झीनत

*

वाडी,
७ फेब्रुवारी

चि. झीनत,

लाडू बंद केले. खोकं खड्ड्यात पुरलं आणि सोजरला खुणेनं सांगितलं की सोलापूरहून आलं नाही.

पुढचं जमलं नाही. तू म्हणतेस, सांगा. कुणाला सांगू आणि कशानं? सोजरला सांगायचं तर पाटीवर लिहावं लागतं, आणि ती पाटी वाचणार अंकिता. बिरुदेवाला फोनवर लिहून कळवायचं तर फोन अंकिताचा. शेजारच्याला लिहून दाखवलं तर संध्याकाळपर्यंत वाडीभर होईल आणि पोरीला पाणवठ्यावर कळेल. एक दिवस अंकिता कामावर गेल्यावर मी पाटीवर माकडीण काढली, लाडू काढला, बाईचं पोट काढलं आणि त्यावर फुली मारली. सोजरनं निरखून बघितलं आणि म्हणाली, "कळलं की. पोटूशीनं माकडाम्होरं जाऊ ने, घाबरती. न्हाय जाऊ द्याची म्या." आणि कामाला लागली.

अंकितासमोर पाटी घेऊन दोनदा बसलो. ती पदराला हात पुसून समोर बसते, "हां, लिहा मामा" म्हणते. कुंकवानं तिच्या बोटांची टोकं लाल असतात. मी लिहिलं, "चहा दे."

काडीचं नाव काढलं की ती कानावर हात ठेवते. तू ये बाई. तुझ्याजवळ आवाज आहे.

तुझा,
काका

*

सोलापूर,
१४ फेब्रुवारी

आदरणीय काका,

काल तुमच्या घरून निघताना तुम्ही माझा हात धरलात, डोळ्यांनी विचारलंत आणि मी मान डोलावली. तुम्हाला वाटलं मी सांगितलं. मी सांगितलेलं नाही.

सोलापूरपासून केमपर्यंत वाक्यं पाठ करत आले होते. पिशवीत तपासायची काडी होती. तुम्ही आणि काकू मुद्दाम बाहेर गेलात, मला अर्धा तास एकटीला दिलात. अंकितानं शेंगापोळी केली होती, तूप वाढलं, मी खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "मॅडम, प्राण्यांच्या डॉक्टरला बाळाचा ठोका कळतो का?" आणि माझा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला. मी हात काढून घेऊ शकले नाही. किती वेळ तसाच होता कोण जाणे. शेवटी म्हटलं, माणसांच्या डॉक्टरकडे जा, लवकर जा. ती म्हणाली, महिना भरू दे, मग जाते.

माझ्या आवाजाचा हा उपयोग झाला. आल्यावर वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, लेखी कुठंही काही देऊ नका. तुमच्या वाडीतलं काम "तांत्रिक कारणानं" थांबवलंय.

मी पुन्हा येते, येत्या आठवड्यात. यावेळी दारातच सांगेन, आत बसणार नाही.

झीनत

*

वाडी,
१९ फेब्रुवारी

चि. झीनत,

आता येऊ नको.

शनिवारी कारखान्यावर असताना झालं. तिथं सगळ्या बायकांच्या साड्या कुंकवानं लाल असतात, त्यामुळं दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही. घरी आली ती भिंतीला धरून. सोजरला म्हणाली, "आत्याबाई, गेलं वं." आणि खाली बसली.

डॉक्टरकडं चल म्हणून पाटीवर लिहिलं, तर म्हणाली, आता काय दाखवायचं राहिलंय? मी उचललेलं पोतं जड होतं, माझीच चूक. दोन दिवस तेच म्हणत होती. सोजरनं जुन्या धडप्यात गुंडाळून परसात काहीतरी पुरलं आणि त्यावर दगड ठेवला. काय पुरलं ते मी विचारलं नाही. अंकिता सकाळ-संध्याकाळ तिथं पाणी घालते.

बिरुदेव ट्रॅक्टर सोडून आला. चार दिवस तिच्या उशाशी बसून आहे. पोरगं बापासारखंच, त्याला बोलता येतं तरी बोलत नाही.

जे नव्हतंच त्याचं सुतक आमच्या घरात चाललंय, आणि ते एकट्या मला माहीत आहे.

जोती

*

सोलापूर,
२४ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र वाचल्यापासून मी नीट जेवलेले नाही. तुमच्या सुनेचं काही गेलेलं नाही. औषध थांबल्यामुळे पाळी परत आली, एवढंच झालं. ती पोत्याला दोष देते, स्वतःला देते, आणि दोष माझ्या सहीचा आहे.

मी अंकिताला पत्र लिहायचं ठरवलंय, सगळं, पहिल्या खोक्यापासून. ती शिकलेली आहे, तिला समजेल. तिला राग येईल, येऊ दे. तक्रार केली तर करू दे. तुम्ही फक्त हो म्हणा.

झीनत

*

वाडी,
३ मार्च

चि. झीनत,

हो म्हणवत नाही. का ते ऐक, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

अंबुबाई परवा भेटायला आली. मला वाटलं आता पुन्हा त्या मुलीचं काढणार. तिनं अंकिताला जवळ घेतलं आणि म्हणाली, "रडू नगंस. राहिलं व्हतं न्हवं? एकदा राहिलं म्हंजी पुन्यांदा राहतंय. आता तुला वांझ म्हननाराचं त्वांड बगते मी." मग बाजेवर बसून जेवली आणि जाताना त्या मुलीच्या बापाला नकार कळवते म्हणाली. त्या दिवशी अंकितानं पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

आता तू तिला लिहिणार की राहिलंच नव्हतं. म्हणजे तिचं दुःख काढून घेणार आणि त्याबरोबर तेवढा आधारही. सहा वर्षांत तिच्या पदरात पडलेली ही एकच गोष्ट. माझ्या हातानं तिला फसवलं, आता माझ्याच हातानं ते काढून घेऊ?

हे बरोबर नाही, मला कळतं. अर्धं सांगावं, काम पुरं होतं, असं तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. मला त्याची लाज वाटते.

काल ती माझ्यासमोर धान्य निवडायला बसली होती. मी पाटी ओढली आणि लिहिलं, "माझी चूक झाली." पुढं हात चालेना. डोळे वाहायला लागले. तिनं वाचलं, पदरानं पाटी पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "असू द्या मामा. मला कळतंय." काय कळलं तिला, ते विचारायचं धाडस माझ्यात नाही. आवाज असता तरी नसतं झालं.

थोडे दिवस थांब. एवढंच मागतो.

जोती

*

केम,
१० मार्च २०२५

माननीय झीनत मॅडम यांस,
अंकिताचा नमस्कार.

तुमचा पत्ता लाडवांच्या एका जुन्या रिकाम्या खोक्यावरून घेतला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिते आहे. या पत्राचं मामांना कळवू नका, त्यांना फार लागेल.

तुम्ही घरी आलात आणि माझ्या पोटावर किती वेळ हात ठेवलात ते मी विसरणार नाही. तुम्ही बोलला नाहीत, पण तुमचे डोळे भरले होते. तुमच्या हाताला काहीतरी कळलं असणार. माझा बाळ गेल्यावर मला तेवढंच समाधान आहे की तुम्ही तो होता तेव्हा त्याला हात लावला.

माझं काम असं आहे. सासूबाईंनी तुम्हाला सांगितलं असेल नसेल, मला दिवस राहिले ते तुमच्या लाडवांमुळे. कान फाटलेल्या लेकुरवाळीचं उष्टं मी रोज घेत होते. एकतीस जानेवारीला सकाळी शेवटचं घेतलं. मग मामांनी लाडू ठेवायचे बंद केले आणि पंधराव्या दिवशी माझं गेलं. आधी मला वाटलं पोतं उचलल्यामुळे गेलं. पण दिवस मोजले तेव्हा कळलं. मामा दवाखान्यातले, त्यांना हे सगळं खुळेपणाचं वाटलं असणार, म्हणून त्यांनी खोकं पुरलं. मी खड्डा बघितलाय. आता त्यांचं मन त्यांना खातं. परवा पाटीवर माझी चूक झाली असं लिहून माझ्यासमोर रडले. एवढा मोठा माणूस सुनेपुढं रडला, मला बघवलं नाही. माझा त्यांच्यावर राग नाही.

तुम्ही लाडू परत सुरू करा, एवढीच विनंती. घरी पाठवू नका. सोहेबभाई केमवरून जातात, त्यांनी कारखान्याच्या गेटवर माझ्या नावानं द्यावेत. मी थेट खाणार नाही, आधी माकडिणीलाच घालीन आणि तिनं टाकलेलंच घेईन, रीत मोडणार नाही. थोडे जास्त दिलेत तर बरं होईल. अंबुबाईंच्या लेकीला चार वर्षं झाली काही नाही, आणि माझ्याशेजारी पुड्या भरते तिलाही नाही. माझं राहिलं होतं हे ऐकून दोघी येतो म्हणतात. मी त्यांना हो म्हटलं आहे.

यावेळी मी मध्ये एक दिवसही चुकू देणार नाही.

आपली,
अंकिता